नजर नमुन्यावर

खोलीत दोन टेबलं होती, तीन खुर्च्या, चार दिवे आणि दोन खिडक्या. त्यांतली एक खिळे मारून कायमची बंद केलेली. भिंतीला टेकून दोन अंकुरण कपाटं उभी होती. टेबलावर ओल्या कागदाच्या आठ गुंडाळ्या, प्रत्येकीत सोयाबीनचे पन्नास दाणे, एकूण चारशे. भिंग एक, चिमटे दोन, पेनं दोन, नोंदवही एक. कपाटांचे काँप्रेसर बंद असताना खोलीतला आवाज अडतीस डेसिबल, चालू असताना सत्तावन्न. माणसं तीन, मला धरून.

“पाल रायली मॅडम,” भानुदास काळबांडे म्हणाले.

मी वर पाहिलं. दिव्यामागे खरंच पाल होती.

“लिवा न. मायाहून जुनी नोकरी हाये तिची.”

मी लिहिलं: पाल, एक. समोर बसलेल्या प्रणोती गावंडे हसल्या. भानुदासभाऊ माझ्याशी बोलत होते, पण तोंड त्यांनी प्रणोतीताईंकडे केलं होतं. ते मला दिसलं, आणि मी लिहिलं नाही.

आधी खोली मोजायची, मग माणूस, अशी कार्यसुविधा मंडळाची पद्धत आहे. मी मंडळाची मोजणी सहायक. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं हेच करते आहे: बसने जायचं, चहा नको म्हणायचं, तो घ्यायचा, खोली मोजायची, माणूस मोजायचा, परत बस. वाशिमजवळच्या या बियाणे प्रयोगशाळेतली मोजणी माझी दोनशे चौदावी.

साधे नमुने आता कॅमेराच मोजतो. पण एखादं वाण उगवलं नाही अशी तक्रार आली, की त्याचा नमुना दोन माणसांनी डोळ्यांनी मोजावा लागतो. एकजण गुंडाळी उलगडून एकेक रोप पाहतो आणि मोठ्याने सांगतो: सामान्य, असामान्य, कुजलेलं, कठीण (म्हणजे पाणीच न शोषलेला दाणा). हात ओले असल्यामुळे त्याने लिहायचं नसतं, दुसरा लिहितो. दर शंभर दाण्यांनंतर दोघांनी कामं बदलायची, म्हणजे एकाच डोळ्याचा कल निकालात उतरत नाही. शेवटी दोघांच्या सह्या. कोर्टात या सह्या चालतात, म्हणून या खोलीला सगळे साक्षीची खोली म्हणतात, आणि मंडळाच्या मंजुरीशिवाय तिथे साधं घड्याळही टांगता येत नाही.

प्रणोतीताई आणि भानुदासभाऊ ही जोडी चौदा वर्षं त्या खोलीत बसत होती. प्रणोतीताईंना बाविसाव्या वर्षी एका संसर्गावर इंजेक्शनं द्यावी लागली. जीव वाचला, कानाच्या आतल्या, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी गेल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर त्यांना ऐकू येतात, बरीचशी व्यंजनं येत नाहीत. कानातली मशिनं आवाज मोठा करतात; जे मुळातच पोचत नाही ते कुठून आणणार? म्हणजे समोरच्याचं प्रत्येक वाक्य त्यांना मधली अक्षरं गाळून मिळतं. गाळलेल्या जागा मेंदू भरतो. दिवसभर भरतो.

या भरण्याला किती कष्ट पडतात, हे माझं यंत्र मोजतं. डोळ्याची बाहुली उजेडाने लहानमोठी होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण उजेड स्थिर ठेवला तरी ती बदलते: माणूस मनात अवघड काही करत असेल, तर मिलिमीटरच्या काही दशांशाने मोठी होते. हेही जुनंच ज्ञान. नवं एवढंच, की आता चष्म्याच्या दांडीत बसणारा कॅमेरा उजेडाचा, नाडीचा आणि नजरेच्या दिशेचा परिणाम वजा करून उरलेला बदल सांगतो. शून्य ते शंभर. त्याला आयासांक म्हणतात. नेहमीचं काम करणाऱ्या धडधाकट माणसाचा तीसच्या आसपास येतो. पंचेचाळीसच्या वर बराच वेळ राहिला, तर चुका दुपटीने वाढतात. म्हणून मर्यादा पंचेचाळीस. त्यावर सोय मंजूर, खाली नामंजूर. पूर्वी अपंग कर्मचाऱ्याने साहेबासमोर गयावया करायची आणि साहेबाने मूड बघून ठरवायचं. आता आकडा ठरवतो. मला हे काम निवडावंसं वाटलं ते यामुळेच.

प्रणोतीताईंनी दोन सोयी मागितल्या होत्या. बोललेलं लिहून दाखवणारा एक छोटा पडदा, आणि कपाटांचे काँप्रेसर भिंतीपलीकडे हलवणं.

“चौदा वर्षांत का नाही मागितलं?” फॉर्ममध्ये हा प्रश्न आहे, म्हणून मी विचारला.

“गरज नव्हती. भानुदासभाऊंचा आवाज मला सवयीचा झालाय,” त्या म्हणाल्या. “डिसेंबरात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, बारा दिवस ते रजेवर. माझ्यासोबत दुसऱ्या शाखेतला माणूस बसवला. चांगला होता बिचारा. पण मी घरी जाऊन मशिनं डबीत ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलगी काहीतरी विचारायची, मला कळायचंच नाही. शेवटी तिने वहीच्या पानावर लिहून आणलं, आई तू माझ्यावर रागावलीस का?” त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. “आता तीस तारखेला भाऊ निवृत्त होतायत.”

जोडीतल्या दोघांनाही चष्मा घालायचा असतो, तुलनेसाठी. त्या दिवशी चारशे दाणे मोजायला एक तास दहा मिनिटं लागली. प्रणोतीताईंचा आयासांक आला ३३. भानुदासभाऊंचा २९.

संध्याकाळी मी बसमध्ये असतानाच मंडळाचं उत्तर गेलं होतं. नामंजूर.

०

प्रयोगशाळेच्या प्रमुख देवतळे मॅडमनी मला फोन केला. त्यांचा आवाज खूप मीटिंगा झालेल्या माणसाचा होता.

“मला ती बाई हवीय, मिनाज. तिच्याइतका डोळा इथे कुणाचा नाही. पण नव्या माणसाबरोबर ती बारा दिवसांत चार नोंदी चुकली. तिनेच शोधल्या, तिनेच सांगितल्या. उद्या नाही सापडल्या तर? सोयीशिवाय तिला साक्षीच्या खोलीत ठेवलं आणि चूक झाली, तर सही तिची असणार.”

“मग?”

“आवक कक्ष. पोती उतरवायची, चिठ्ठ्या लावायच्या. पगार तोच.” मग म्हणाल्या, “तुमची दुसरी मोजणी असते ना?”

असते. पहिल्या निकालानंतर तीस दिवसांच्या आत, एकदाच. खोली, नमुन्याचा प्रकार आणि जोडीतला माणूस तोच हवा. नाहीतर तुलना होत नाही. तीही मर्यादेखाली आली, तर वर्षभर अर्ज करता येत नाही. भानुदासभाऊ असेपर्यंत आकडा कमी येणार आणि ते गेल्यावर मोजता येणार नाही, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. पण आकडा कमी का येतो, ते कळलं नव्हतं. सवयीचा आवाज? पंधरा वर्षं एकाच नवऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्या बायका मी मोजल्या होत्या. कानात पेशी नसतील तर सवयीने फार तर पाचसहा अंक कमी होतात. अशा कानांचा अंक एरवी पंचावन्न-साठ येतो; तेहतीसवर यायला इथे वीसपंचवीस कमी व्हायला हवे होते.

चष्म्यात समोरचं दृश्यही टिपलं जातं; सहसा ते कुणी पाहत नाही. मी रविवारी बसून पाहिलं.

भानुदासभाऊंनी दोनशे दाण्यांचा उच्चार केला होता. दोनशे वेळा त्यांनी रोप पाहिलं, मान वर केली, प्रणोतीताईंची नजर आपल्या तोंडावर आली की नाही हे बघितलं आणि मग बोलले. मधलं अंतर सरासरी आठ दशांश सेकंद. त्या दोनशे दाण्यांच्या वेळात काँप्रेसर सहा वेळा सुरू झाला. सहाही वेळा ते थांबले होते. एकदा त्यांनी चिमटा पुसला, एकदा खोकले, चार वेळा नुसतंच भिंग डोळ्याला लावून बसले. काँप्रेसर बंद झाला की पुढचा दाणा.

मी मोजणीच्या पुस्तिकेतलं कलम काढून वाचलं. ‘उच्चार करणाऱ्याने नजर नमुन्यावरून हलवू नये.’ भानुदासभाऊ चौदा वर्षं हे कलम मोडत होते. मी सोयीशिवायची मोजणी करायला गेले होते आणि सोय चष्मा घालून माझ्यासमोर बसली होती. मी तिची नोंद ‘माणसं’ या रकान्यात केली होती.

मी मंडळाला पत्र लिहिलं: सहकाऱ्याची अशी मदत सोय धरावी का? तिसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. ‘नोंद नसलेली सोय ही सोय नाही. दुसरी मोजणी पुस्तिकेतल्या कलमांनुसार करावी.’

०

भानुदासभाऊ मागच्या नळावर ट्रे धूत होते. मी त्यांना आकडे सांगितले. दोनशेपैकी दोनशे, सहापैकी सहा.

“काई नाई जी. मानूस मानसाकडं पाहूनच बोलते न.”

“काँप्रेसर सुरू झाला की थांबता.”

“त्या मशीनचा मले तरास होते.”

“तुमचा अंक बदलत नाही त्याने. मी पाहिलंय.”

त्यांनी ट्रे उलटा ठेवला. “लय बारीक पायता तुमी मॅडम. नवऱ्याचं कठीण हाये.”

मग आपणहून बोलले. “पयल्या महिन्यात बाईनं मले एका दिवसात चाळीस खेपा म्हटलं, पुन्हा सांगा. मले वाटे, हे बाई काई टिकत नाई. मंग ध्यानात आलं, ते कानानं नाई, तोंडाकडं पाहून आयकते. आन माया तोंडावर तवा हे एवढी मिशी.” त्यांनी दोन्ही हातांनी दाखवली. “पार ओठावर. एका रोजी उडवली. त्या दिवशी चारच खेपा.”

“घरी काय म्हणाले?”

“मिशी कवा काडते मानूस? बाप मेल्यावर. मी गावाकडं गेलो त लोक भेटाले आले न घरी. बाप ओट्यावर बसलेला. त्यालेच जाऊन इचारलं, कोन गेलं म्हनून. बाप म्हने, अजून त कोनी नाई, बसा, चा घ्या.” ते हसले नाहीत, हे त्यांनी बऱ्याचदा सांगितलेलं असावं. “बायको आठ दिवस बोलली नाई. उन्हाळ्याचा घाम येते म्हनून सांगितलं सगळ्याईले. बाईलेबी तेच. तिले नका सांगू आता.”

“सांगावं लागेल. आणि तुम्हाला दुसऱ्या मोजणीत ते बंद करावं लागेल. मान खाली. काँप्रेसर चालू असला तरी बोलत राहायचं.”

“काहून?”

मी कारण सांगितलं. आवक कक्षही सांगितला.

“म्हंजे तिले तरास द्याचा, मंग तिले भेटते.”

“तसं नाही. पुस्तिकेप्रमाणे काम करायचं.”

“तेच म्हन्लं मी.” त्यांनी नळ बंद केला. “चवदा सालाची सवय हाये मॅडम. मान आपल्यानं उठते.”

“तासाभराचाच प्रश्न आहे.”

“हाव. तुमाले तासच दिसते.”

०

प्रणोतीताईंना मी आलेख दाखवला; खाली मिशीची एक ओळ लिहिली होती. मला वाटलं, आकडे दिले की बोलावं लागणार नाही. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं.

“हे दोनशे म्हणजे, दोनशेपैकी?”

“हो.”

“एकदाही चुकले नाहीत?”

“नाही.”

“आणि ही मिशी. खरं सांगतेस?”

मी मान हलवली. त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

“चौदा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, भाऊंचा आवाज सवयीचा आहे. आवाज!” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “ट्रेनिंगला नव्या मुली यायच्या ना, त्यांना सांगायचे, बघा, जिद्द असली की कान लागत नाहीत. स्टेजवर उभी राहून सांगायचे गं. भाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.”

“जिद्द होतीच की. तेहतीस हा अंक तुमच्या—”

“मिनाज. तू मोजतेस ते बरोबर मोजतेस. पण दर वेळी मोजून दाखवायलाच हवं का?”

मी वही मिटली. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “नाही, सांगायलाच हवं होतं. फक्त आज नको होतं. आज तीन मीटिंगा झाल्यात, तिन्हीत साहेब लोक भिंतीकडे बघून बोलत होते.” त्यांनी डावं मशीन काढून कानामागे चोळलं. तिथे कायमचा लाल व्रण होता. “त्यांना हे करायला लावणं मला बरं वाटत नाही. पण मला आवक कक्षात जायचं नाही. पोत्यांवर चिठ्ठ्या लावायला मी रोपं ओळखायला शिकले नाही.”

“मग करू?”

“कर. आणि मी त्यांच्याशी मिशीबद्दल बोलणार नाही. त्यांनीही बोलू नये. सांग त्यांना.”

मी सांगितलं. भानुदासभाऊ म्हणाले, “बरं झालं.”

त्या दिवशी परत येताना मी वहीत अंदाज लिहिला. मोजणीआधी अंदाज लिहून ठेवायची मला सवय आहे. कष्ट नाहीसे होत नाहीत, जागा बदलतात, असा माझा विचार होता. इतकी वर्षं प्रणोतीताईंच्या वाटचे कष्ट भानुदासभाऊ उचलत होते. दर दाण्याला मान उचलायची, समोरची नजर तपासायची, कपाटाकडे कान ठेवायचा, वर हे कळू द्यायचं नाही. ते ओझं काढलं, की प्रणोतीताईंचा अंक पन्नासच्या वर जावा आणि भानुदासभाऊंचा एकोणतीसवरून विसाच्या आसपास उतरावा.

०

दुसरी मोजणी अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेदहाला सुरू झाली. खोली पुन्हा मोजली. मोजणी चालू असताना सहायकाने बोलायचं नसतं.

पहिले शंभर भानुदासभाऊंचे. त्यांनी गुंडाळी उलगडली, कागद सपाट केला, मान खाली घातली आणि टेबलाकडे बघून म्हणाले, “सामान्य.” प्रणोतीताईंचं पेन हललं. “सामान्य. असामान्य. सामान्य.” पेन एक दाणा मागे पडलं, मग दोन.

“पुन्हा?” त्या म्हणाल्या.

“असामान्य, मंग सामान्य.” मान खालीच.

सतराव्या दाण्याला काँप्रेसर सुरू झाला. भानुदासभाऊंच्या हातातला चिमटा कागदावर टेकून राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन सेकंद. मग ते बोलत सुटले, नेहमीपेक्षा भरभर, पाठ केलेलं म्हणून टाकावं तसं. प्रणोतीताई पुढे वाकल्या. त्यांची नजर भाऊंच्या टाळूवर होती. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

“पुन्हा?”

“सामान्य.”

“त्याच्या आधीचं.”

“कुजलेलं.”

दुसरे शंभर प्रणोतीताईंनी सांगितले. ते सुरळीत गेले. तिसरे शंभर पुन्हा भाऊंचे. साठाव्या दाण्याजवळ प्रणोतीताईंनी लागोपाठ तीनदा ‘पुन्हा?’ विचारलं आणि चौथ्यांदा विचारलंच नाही. पेन नुसतं कागदावर टेकवून बसल्या. भानुदासभाऊंना ते दिसणं शक्य नव्हतं, पण पेनाचा आवाज थांबला होता. त्यांची मान बोटभर वर आली. टेबलाची कड त्यांनी डाव्या हाताने धरली होती. नखं पांढरी पडली होती. मान खाली गेली.

“साठ नंबर,” ते कागदाला म्हणाले. “कठीण.”

प्रणोतीताईंनी लिहिलं.

सव्वाबाराला चारशे पूर्ण झाले. दोघांनी सह्या केल्या. प्रणोतीताईंनी दोन्ही मशिनं काढून डबीत ठेवली आणि डोळे मिटून बसल्या. भानुदासभाऊ चष्मा माझ्या हातात देऊन बाहेर गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. धुवायचे ट्रे मात्र सगळे आतच होते.

यंत्राने निकाल द्यायला चार मिनिटं घेतली. मी तो अर्जात उतरवला.

उच्चार आणि नोंद यांत फरक: दोनशेपैकी ९.
‘पुन्हा’ विचारल्याच्या वेळा: ४३.
प्रणोती गावंडे, आयासांक: पहिली मोजणी ३३, दुसरी मोजणी ६२. मर्यादा ४५. दोन्ही सोयी मंजूर.
भानुदास काळबांडे, आयासांक, केवळ तुलनेसाठी: पहिली मोजणी २९, दुसरी मोजणी ७१.